तांबडं नाव
माझे बाबा जपानातल्या मुरे गावचे पाथरवट. आईच्या थडग्यावर त्यांनी तिच्या नावाच्या वर स्वतःचंही नाव कोरून ठेवलंय. आमच्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत नावात तांबडा रंग असतो, गेला की खरवडायचा. बाबांना इस्पितळात न्यायच्या आदल्या दिवशी मी टेकडीवर फुलं बदलायला गेले, तर बाबांच्या अक्षरांत रंगच नव्हता. "मीच काढला. मी गेल्यावर त्यासाठी तुला टेकडी चढायला नको," घरी विचारल्यावर बाबा म्हणाले. मला रागच आला. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत चुना साचून दगड झाला होता. डॉक्टर ओरिताबाईंनी मनगटातून बारीक नळी तिथवर नेली आणि टोकाच्या फुग्यातून ध्वनिलहरींचे ठोके द्यायला सुरुवात केली. बाबा जागे होते. काचेबाहेरच्या स्पीकरवर मला सगळं ऐकू येत होतं. दहा ठोके, मग थांबायचं, पुन्हा दहा. "जरा दणका द्या की, बाई," बाबा म्हणाले. "दणका दिला तर दगडाबरोबर तुम्हीही फुटाल, तोकुजीसान."  दगड फोडताना पाचरीवर हलकेच ठोका, मग थांबून ऐका, हे बाबांनीच जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं. साठ ठोक्यांनंतर बाई म्हणाल्या, "तडकला." महिन्याभराने आम्ही दोघं टेकडी चढलो. मी रंगाची डबी आणि कुंचला पुढे केला. "तूच भर," बाबा म्हणाले. "ज्याने काढला त्याने भरायचा," मी म्हणाले. ते गुडघे टेकून बसले. कुंचला जास्तच भिजला होता, तांबडा रंग ओघळून आईच्या नावापर्यंत गेला. बाबा तो पुसायला फडकं शोधू लागले. ते मी मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.