ओठ दिसत नाहीत तिथे

हेडफोनमध्ये बायको बोलली आणि पंतप्रधानांची वाचाच बसली.

डबिंगच्या कागदावर ते वाक्य नव्हतं. त्यांनी पान उलटलं, मागचं पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रसंग सरळ होता. इंग्लंडच्या पंतप्रधानाची बायको खिडकीपाशी पाठमोरी उभी आहे. तिचे वडील वारले तेव्हा हा साहेब आला नव्हता; संसदेत युद्धावर खल चालला होता. आता तो तिला तेच समजावतो, ती गप्प राहते, तो टोपी उचलून निघून जातो. पण गप्प राहायच्या जागी ती म्हणत होती, "त्या दिवशी संसद बंद असती, तर आला असतात?"

"हे कुठून आलं?" त्यांनी काचेपलीकडे विचारलं.

"वहिनींनी सकाळी घातलं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पाठमोरी आहे ना ती, ओठ दिसत नाहीत. अशा जागी एखादं वाक्य खपून जातं. मला आवडलं, ठेवलं."

"मग मी उत्तर काय देऊ?"

"तुम्हाला नाही देता येणार. तुमचा क्लोजअप आहे, अन् तोंड बंद."

'पंतप्रधान' हे धंद्यातलं नाव. इंग्रज पुढाऱ्यांचे सिनेमे डबिंगला येत, त्यातल्या जाड्या, रोड, खोकणाऱ्या, बायकोला वचकून असणाऱ्या सगळ्या पंतप्रधानांना अकरा वर्षं यांनीच आपल्या भाषेत बोलतं केलं होतं. त्यांच्या बायकांचा आवाज यांच्याच बायकोचा. पूर्वी दोघं एका माइकसमोर कडाकडा भांडत आणि भांडण उरकून एका छत्रीतून घरी जात. आठ महिन्यांपूर्वी तिने सकाळची वेळ मागून घेतली. ती बोलून जायची, मग दुपारी हे येऊन नुसत्या आवाजाशी संसार करायचे.

घरी तर तोंडाला कुलूप. कारण त्यांना ठाऊक होतं, निदान त्यांची तशी समजूत होती. आठ महिन्यांपूर्वीच सासूबाई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होत्या आणि जावईबापू पोचले नाहीत. रेकॉर्डिंग होतं. माफी काय एकदा मागितली? "काम होतं गं, टाळताच येईना," हे त्यांनी नाना सुरांत म्हणून पाहिलं होतं. दर वेळी ती "हं" म्हणायची आणि भाजी चिरायला घ्यायची. बरं, भांडावं, आदळआपट करावी, तेही नाही. माणसाने समजायचं तरी काय? आणि उद्या ती भावाकडे निघाली होती. परत कधी, हे विचारल्यावरही "हं"च.

"पुन्हा घेऊ या," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"देशाला माझी गरज होती," पंतप्रधान गरजले. हेडफोनमध्ये तोच प्रश्न आला. पडद्यावरचा साहेब ओठ मिटून बघत राहिला, इकडे हेही.

"जमत नाहीये हो. देश झकास सांभाळता, बायको समोर आली की शाळा बुडवलेल्या पोरासारखे वाटता."

पंतप्रधानांच्या डोक्यात नुसता गुंता झाला. का आला नाहीत, असं विचारावं माणसाने. काम नसतं तर आला असतात का, हा कुठला प्रश्न? आणि तो साहेबाला होता की आणखी कुणाला? तिसऱ्यांदा तो ऐकला आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवले. बाहेर जिन्यात येऊन घरी फोन लावला.

"बोला," ती म्हणाली. मागे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

"नसतो आलो." तो भरदार आवाज कुठे गेला कोण जाणे. "त्या दिवशी मी दवाखान्यासमोरच्या बाकावर बसून होतो. तीन तास. मधला रस्ता ओलांडवेना. मला माणूस जाताना बघवत नाही गं, भीती वाटते. ते रेकॉर्डिंग..."

"रद्द झालं होतं. तुम्हाला शोधायला मी त्या दिवशी स्टुडिओत फोन केला होता, तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "तुम्ही कुठे होतात, ते आज कळलं."