वहिवाट

देवगडच्या निवृत्त तलाठी गुरुदास वाडेकरांच्या हापूसचं बुकिंग वेबसाइटवर सकाळी दहाला सुरू व्हायचं होतं. गेल्या वर्षी गर्दीने साइट बसली होती, म्हणून या वर्षी त्यांच्या पुणेकर सुनेने, अवनीने, जुना अपाची सर्व्हर काढून एनजिनएक्स हा नवा सर्व्हर बसवला. साडेनऊला पहिलं पान झटकन उघडलं. ऑर्डरच्या पानावर मात्र एकच उत्तर येत होतं, 'पान सापडत नाही'.

"काय चुकला काय गो?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझं काही चुकलेलं नाही, बाबा. सगळं दोनदा तपासलंय."

सासऱ्यांनी लॅपटॉपपुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, जुनो सर्व्हर जाऊन नवो इलो आसा. जुन्याची वहिवाट नव्याक कोणी सांगूक नसात, तर ती चूक पदरात घे आणि वाट दाखव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

अवनी हसता हसता थांबली. कोणत्या पत्त्यावर कोणतं पान दाखवायचं, याचे जुन्या सर्व्हरचे नियम एका लपलेल्या फाइलमध्ये होते आणि नवा सर्व्हर ती फाइल वाचतच नव्हता. तिने ते नियम नव्याला समजतील असे लिहून दिले. दहाला पाच कमी असताना ऑर्डरचं पान उघडलं.

"बाबा, देवाला सर्व्हरमधलंही कळतं?"

"देवाक त्यातला काय ठावक?" नारळ उचलत ते म्हणाले. "सुनेक तोंडार चुकला म्हणूक जमणा नाय, म्हणान त्याका सांगलंय."