बाबांचा डबा

सीताबाईने डबा फडक्यात बांधला आणि दीपमालेच्या हातात दिला.

"तुह्या बाबाले भूक लागली असन. काऊन उशीर करून राह्यली?"

"निघाली ना, माय."

"आरसा घेतला?"

"घेतला."

महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज हळूहळू मागे पडला. सागाची वाळकी पानं पायाखाली चुरू लागली.

बाबारावांना जाऊन चार महिने झाले होते. त्याआधीच मेंदूच्या झटक्याने सीताबाईची स्मरणशक्ती विरत चालली होती. दीपमालेने तिला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळली. चौथ्यांदा "तुह्ये बाबा कुठी गेले?" असं तिने विचारलं, तेव्हा दीपमालेच्या तोंडून निघून गेलं, "डोंगरावर." सीताबाई शांत झाली आणि भाकरीचं पीठ मळायला बसली.

खोटं बोलायला जागा होती. बाबारावांची हयात जमीन मोजणीवाल्यांच्या साखळ्या ओढण्यात गेली होती. जिल्ह्यातल्या सगळ्यात उंच माथ्यावरचा मोजणीचा दगड बसवताना आपला हात लागला, याचा त्यांना भारी अभिमान. म्हातारपणीही ते दर रविवारी तिथे चढत आणि दाढीच्या आरशाने घराकडे उन्हाची तिरीप मारत. एक म्हणजे पोहोचलो. सीताबाई ओट्यावरून एकच परत पाठवी, म्हणजे दिसलं. लहानगी दीपमाला सोबत असली आणि वर खेळत रेंगाळली, की खालून तीन येत. "हे तुह्यावाले," बाबा हसत म्हणत, "चाल, माय बलावते."

आता रविवारी ती एकटी चढायची. उतरल्यावर सांगायची, बाबा मागून येऊन राह्यले. संध्याकाळपर्यंत सीताबाई विचारायचं विसरून जायची.

पण उद्या दीपमालेला नागपूरला नोकरीवर परतायचं होतं. पुढच्या रविवारी तिरीप आली नाही तर माय ओट्यावर वाट पाहत बसणार. आज उतरल्यावर सांगायचंच, असं तिने ठरवलं होतं. कसं, ते चढ संपेपर्यंत सुचलं नाही.

दगडाला टेकून तिने डबा सोडला. ज्वारीची भाकर, फिका झुणका, गुळाचा खडा. ठेचा नव्हता. ठेच्याशिवाय बाबाराव घास तोडत नसत. भरला डबा परत नेता येत नाही म्हणून तिखट न सोसणाऱ्या दीपमालेने तो ठेचा दर रविवारी डोळे पुसत संपवला होता.

माय आता हेही विसरली. भाकर मात्र दीपमालेने शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

मग आरशात ऊन धरलं आणि गावाकडे एक तिरीप मारली.

बराच वेळ खाली काही हललं नाही. मग ओट्यावर चमकलं.

दीपमालेने सुस्कारा सोडला. रिकामा डबा फडक्यात बांधला, गाठ मारली. आरसा पिशवीत टाकताना तिची नजर सहज खाली गेली.

ओट्यावर पुन्हा चमकलं. आणि मग तिसऱ्यांदा.