दावीद राजाचं उत्तर

"आज गोष्ट नको, पाळकसाहेब," मंत्री म्हणाले. "खाली पत्रकार ताटकळलेत. त्यांना बळीचा बकरा हवाय. तो देतो आणि मोकळा होतो."

चर्चचे पाळक समोरच्या खुर्चीत टेकले. दर सोमवारी ते मंत्र्यांना शास्त्र वाचून दाखवायला येत. आज सोमवार नव्हता. 

"बकरा म्हणजे बाहेर बाकावर बसलाय तो?"

"मग कोण? इंजिनिअर तो. पूल त्याने बांधला, कोसळला, माणसं गेली. आता जाईल आत."

"पूल इतक्यात खुला करू नका, असं त्याने बजावलं होतं ना?"

मंत्र्यांनी झटकन मान वर केली. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

 पाळक संथपणे गोष्ट सांगू लागले. एका श्रीमंताच्या दारी पाहुणा आला. घरात मेंढरांचे कळप असताना त्याने शेजारच्या गरिबाची एकुलती एक कोकरी ओढून आणली आणि कापली. संदेष्ट्याने हे दावीद राजाला सांगितलं, तेव्हा राजा भडकला. कोण आहे तो नराधम, म्हणाला. आणि संदेष्टा म्हणाला, तो तूच; कारण दावीदाने आपल्याच एका शिपायाची बायको बळकावली होती आणि सेनापतीला हुकूम देऊन त्या शिपायाला लढाईत मरायला धाडलं होतं.

मंत्री उठले. "मला डोस पाजायला आलात? पुन्हा या इमारतीची पायरी चढता येणार नाही तुम्हाला, कळतंय ना?"

 पाळकांनी दाराकडे हात केला.

"नाही चढणार. फक्त एकदा बाहेर डोकावून या. त्याची बायकोही आलीय."

मंत्री तणतणत दाराकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"उभी राहिली हो ती मला बघून. म्हणते, साहेब, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. मी वाचवेन असं वाटतंय तिला." ते मटकन बसले. "पूल खुला करू नका म्हणून तो माझ्या हातापाया पडत होता. मीच म्हणालो, आधी फीत कापू, बाकीचं नंतर बघू. पण मला तरी कुठे घाई होती? फोन वरून आला होता. मोठ्या साहेबांना निवडणुकीआधी पूल हवा होता. तेही सांगतो आता सगळ्यांना."

पाळक पुढे झुकले.

"दावीदाने काय उत्तर दिलं, आठवतंय? सेनापतीने ऐकलं म्हणून झालं, दिवसच तसे होते, असलं काही नाही. माझं चुकलं, एवढंच. दुसऱ्याकडे बोट दाखवलं की ती कबुली राहत नाही, साहेब. तक्रार होते."

 मंत्र्यांनी इंजिनिअरवर ठपका ठेवणाऱ्या तयार निवेदनाचा कागद चुरगाळला आणि ते बाहेर पडले. बाकापाशी थबकले.

"घरी जा," ते इंजिनिअरला म्हणाले. "तुझी काही चूक नाही."

पाळक जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. खालच्या सभागृहातून मंत्र्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"पूल मी खुला करायला लावला. इंजिनिअर नको म्हणत होता. दोष फक्त माझा. राजीनामा देतोय, पोलिसांकडेही मीच जातोय."

 एकच गलका उडाला.

इंजिनिअर तोंड झाकून रडत होता. त्याच्या बायकोने पाळकांचे दोन्ही हात धरले. "देवासारखे धावून आलात हो तुम्ही."

पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मंत्र्यांच्या रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि फोन लावला.

"झालं, मोठे साहेब," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळं स्वतःवर घेतलं त्याने. तुमचं नाव निघालं नाही."