दाराआडची खीर

परखनळीतलं निळं पाणी स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं आणि बघता बघता विटेसारखं लाल झालं. उषाबाई नर्सने नळी उजेडाला धरली. "रुखमिणीच्या लघवीत साखर आहे जी. भंडाऱ्याले नेऊन रक्त तपासा लागते."

शकुंतलाबाईंना हसूच आलं. साखर म्हणजे राशनच्या दुकानातली, एवढंच त्यांना ठाऊक. "आमच्या घरी चहासुद्धा गुळाचा होते, बाई! सुनेच्या पोटात साखर येईन कोठून?"

"गूळ काय अन् भात काय, अंगात गेल्यावर साखरच होते. पोटुशी असताना कोणाकोणाले ते झेपत नाही. यात हिचा दोष नाही." उषाबाईंनी रुखमिणीच्या सातव्या महिन्याच्या पोटावर हात ठेवला. "पहिलं लेकरू केवढं होतं?"

शकुंतलाबाईंचे दोन्ही हात आपोआप फाकले. "अस्सं गुटगुटीत! दायीले धरवेना. साऱ्या करडी गावात येवढं कोणाचंच नाही झालं. म्हणून तर नजर लागली, पोटातच गेलं."

"नजर नाही लागली, बाई. ह्या साखरेनं लेकरू भलतंच वाढते. अन् कधी कधी पोटातच जाते."

शकुंतलाबाईंचे हात तसेच राहिले. या खेपेला कोणाची नजर नको म्हणून त्या रोज दुपारी दार लोटून सुनेला नव्या तांदळाची, गुळाची खीर खाऊ घालत होत्या. वाटी नव्हे, कटोरा भरून.

"हे तरी वाचते ना, बाई?"

"अजून वेळ आहे. खीर बंद, भात मूठभर. भाकर, डाळ, भाजी खाऊ द्या, रोज थोडं पायी चालू द्या. अन् बाळंतपण भंडाऱ्यालेच करा. उद्याच जा."

बाहेर दवाखान्याच्या ओट्यावर रुखमिणी चपला घालत होती. शकुंतलाबाईंना तिच्या तोंडाकडे बघवेना. आपलं चुकलं हे काही त्यांना म्हणता आलं नाही.

"आता जीभ आवर पोरी," त्या म्हणाल्या. "गोडाचं नाव काढू नको."

"मले गोड आवडतच नाही, मामीजी. लहानपणापासून."

"मंग खात काहून होती?"

रुखमिणीने पदर सारखा केला.

"लेकरू गेल्यापासून तुमी माह्याशी बोलणंच टाकलं होतं जी. खीर वाढतानाच तेवढ्या बोलत होत्या."