कोनाड्यातला वाडगा

छपन्न साली पिंपरीच्या वसाहतीतल्या बायकांनी गोरगरिबांच्या दवाखान्यासाठी रंगवलेल्या भांड्यांचा लिलाव ठरवला. इंदुताईंनी मागच्या पडवीच्या कोनाड्यातला चिनी मातीचा वाडगा उचलला. झाडलोट करणाऱ्या ठकुबाईला त्या रोज त्यातच, वरून, चहा ओतायच्या. त्यावर निळी वेल रंगवली, झिलई देऊन तो भट्टीत भाजून आणला आणि बैठकीत मधोमध मांडला.

आठवडाभर गावी जाऊन आलेल्या ठकुबाईला सकाळी कोनाडा रिकामा दिसला. तिनं उंबऱ्याबाहेरूनच आत डोकावलं आणि तिचा चेहरा खुलला.

“अगं बाई, माजा वाडगा आत गेला व्हय!”

इंदुताईंच्या हातातली किटली तशीच राहिली. फळीवर सहा कप पालथे होते.

“थांब हं,” म्हणाल्या, आणि शरमेनं मान वर न करता त्या नारळाची करवंटी शोधू लागल्या.