बिस्किटशेजारचा माणूस

"कुत्र्याला नाव आहे, मग ह्या माणसाला का नाही?"

"विचारून दाखव, लाह!" म्हणून मैत्रिणीने, फराहने, सिंगापुरी ढंगात पैज लावली होती, आणि जाईने भर प्रदर्शनात माईक मागून घेऊन विचारलंसुद्धा. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी वर्गात हात वर करतानाही थरथरायची. आता आवाज कसा खणखणीत!

फोटो महायुद्धातला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचा. बॉम्बर विमानासमोर पाच गोरे वैमानिक ऐटीत उभे. पुढे त्यांचा कुत्रा, आणि कुत्र्याशेजारी उकिडवा बसलेला, विमानात बॉम्ब चढवणारा एक हिंदी माणूस. खाली पाचही जणांची नावं छापलेली. कुत्र्याचंही होतं: बिस्किट. सहाव्याच्या नावाने शून्य.

फोटो काढला होता जाईच्या पणजोबांनी, युद्धछायाचित्रकार मनोहरपंतांनी. सिंगापुरातल्या चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये टांगलेला तो फोटो बाबांनीच फ्रेमसकट प्रदर्शनाला दिला होता.

"फोटोच्या मागे जेवढी नावं होती, तेवढी सगळी छापलीत," प्रदर्शनाच्या प्रमुख मिस लिम म्हणाल्या.

"खोटं! तो ब्राउन म्हणून गाळलात त्याला!"

मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. मिस लिमनी तिचा ईमेल पत्ता लिहून घेतला.

"मागची बाजू स्कॅन करून पाठवते. घरच्यांबरोबर बघ."

रात्री जेवताना बाबा खूश होते. "शाब्बास! अगं, पणजोबा एकेकाला नाव-गाव विचारून मोत्यासारख्या अक्षरात टिपून ठेवायचे. ते कुणाला विसरणं शक्यच नाही."

"तेच तर! ह्या प्रदर्शनवाल्यांनीच खाल्लं नाव," जाई तणतणली. "इतकी वर्षं झाली तरी गोऱ्यांचीच हुजरेगिरी!"

आईने आमटीचा डाव तसाच हातात धरला. "त्या बाईंना चारचौघांत खोटारडी म्हणालीस तू?"

"म्हणाले! आणि फोटो दिला म्हणून शनिवारी आपल्यातर्फे मला स्टेजवर बोलावलंय ना, तिथे त्यांना माफी मागायला लावणार."

"मी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवतो," बाबा म्हणाले.

तेवढ्यात मिस लिमचा मेल आला. जाईने स्कॅन मोठा केला आणि शब्द न् शब्द वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"काय गं, सापडलं का नाव?"

तिने फोन ताटाशेजारी उपडा ठेवला.

"बाबा, शनिवारी माफी मी मागणार आहे. मिस लिमची. आणि त्यानंतर फोटोची मागची बाजू सगळ्यांना वाचून दाखवणार."

"म्हणजे? कुणी लिहिलंय त्यावर?"

"पणजोबांनीच. पाच जणांची नावं, हुद्दे, गावंसुद्धा. सहाव्याची नुसती जात लिहिलीय."